पंच विकला गेला होता का? आधी त्याला कोणी नेमले ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फुटबॉल विश्वचषकाच्या बाद फेरीत तुमच्या संघाला सरळ दिसणारी पेनल्टी मिळाली नाही. त्या पंचाच्या देशाचा पदाधिकारी फिफामध्ये, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेत, वजनदार आहे. मग निर्णय वरून ठरला होता का, बाहेर बसून ते ओळखायचे कसे, तक्रार केली तर निकाल बदलतो का, आणि निर्णय वरून ठरत नसेल तर मग वजनदार माणसे करतात तरी काय?

उत्तर देण्याआधी प्रश्न थोडा सोडवून घेतो, कारण ‘पंच पक्षपाती होता’ असे म्हणताना आपण चार वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक म्हणजे साधी चूक. दुसरी, पंचाला स्वतःलाही न जाणवणारा कल. तिसरी, नेमणुकीतच दडलेला हितसंबंध. चौथी, पैसे. चारही गोष्टींच्या खुणा वेगळ्या आहेत आणि एकीच्या खुणा दुसरीच्या पुराव्यासाठी चालत नाहीत. बरेच काही परिस्थितीवरही अवलंबून असते: सामना विश्वचषकाचा की मैत्रीपूर्ण, व्हीएआर (चित्रफीत पाहून पंचाला चूक दाखवणारी व्यवस्था) होते की नव्हते, पंच कोणी नेमला, सट्टा कशावर लागला होता. तरी सामने तपासताना जे वारंवार दिसते त्यावरून बनलेले मत आधीच सांगून टाकतो. महासंघांचे राजकारण थेट शिट्टीपर्यंत क्वचित पोहोचते. नेमणूक, बढती, ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याची सोडत) आणि वेळापत्रक या ठिकाणी त्याला जास्त काही साधता येते, म्हणून ते तिथे मुक्काम करते. तुम्ही पेनल्टीची क्लिप वीस वेळा बघता, पण त्या पंचाला तो सामना कसा मिळाला हे एकदाही बघत नाही. शोधाची सुरुवात तिथून व्हायला हवी.

पंच विश्वचषकापर्यंत पोहोचतो त्याची वाट अशी. दरवर्षी प्रत्येक देशाची संघटना आपल्या पंचांची नावे फिफाकडे पाठवते. पंचाचे वय किमान २५, सहायक पंचाचे किमान २३ लागते. यादी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर एवढीच चालते. पुढच्या वर्षी नाव पुन्हा जावे लागते, नाही तर बिल्ला गेला. तंदुरुस्तीची चाचणी असते: पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ४० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक ६ सेकंदांत, आणि त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत धावायचे, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचे, असे ४० वेळा. घड्याळ सगळ्यांना सारखेच असल्यामुळे या चाचणीत कोणाची ओळख चालत नाही. ती चालते चाचणीच्या अलीकडे, म्हणजे नाव पाठवायचे की नाही हे ठरताना. आणि पलीकडे, म्हणजे पास झालेल्यांपैकी कोणाला कोणता सामना द्यायचा हे ठरताना.

नाव पाठवणारी पंच समिती फिफाच्याच नियमाप्रमाणे राष्ट्रीय संघटनेच्या थेट अखत्यारीत असते. संघटनेचा अध्यक्ष निवडून येतो, आणि त्याला मते देतात क्लब, लीग, प्रादेशिक संघटना. म्हणजे ज्यांच्या सामन्यांत पंचाने शिट्टी वाजवायची, त्यांचीच माणसे त्या पंचाचे भवितव्य ठरवणाऱ्यांना निवडतात. यात कोणी वाईट असायची गरज नाही. वार्षिक यादी, सामन्यागणिक मिळणारी नेमणूक आणि पंचाची कामगिरी तपासणाऱ्या निरीक्षकाचे गुण हे तीन धागे ज्याच्या हातात, त्याला पंचाला फोन करावाच लागत नाही. कोणाचा रोष ओढवला की पुढचे सामने मिळत नाहीत हे पंच सहकाऱ्यांच्या अनुभवावरून शिकतो. मैदानात ५०-५० प्रसंग आला की ते शिकलेले काम करते.

इटलीतले २००६ चे कॅल्चोपोली प्रकरण याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे, म्हणून देशांतर्गत असूनही देतो. फोनवरच्या संभाषणांच्या नोंदी बाहेर आल्या तेव्हा लोकांना पंचांना पाठवलेली पाकिटे सापडतील असे वाटत होते. नोंदींच्या केंद्रस्थानी होते ते क्लबचे अधिकारी आणि पंच नेमणारे यांच्यातले बोलणे: या सामन्याला कोण हवा, कोण नको. युव्हेंटस क्लबला सेरी बी या खालच्या श्रेणीत उतरवले गेले. पंच विकत घेण्यापेक्षा आपल्याकडे मुळातच सौम्य असणारा पंच मिळवणे स्वस्त पडते, सुरक्षित असते, आणि तो पंच तर पूर्ण प्रामाणिकपणे खेळवत असतो. अशा सामन्याच्या चित्रफितीत तुम्हाला काहीही सापडणार नाही.

आता हेच फिफाच्या पातळीवर. फिफाचे २११ सदस्य आहेत आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे सर्व सदस्यांच्या सभेत, प्रत्येकाला एक मत. लहानशा बेटाच्या मताची किंमत ब्राझीलच्या मताइतकीच. २०२३ ते २०२६ या चक्रात फॉरवर्ड या विकासनिधी योजनेतून प्रत्येक सदस्याला ८० लाख डॉलरपर्यंत आणि प्रत्येक खंडीय महासंघाला ६ कोटी डॉलर अशी तरतूद झाली. मते अशी पसरलेली असल्यावर प्रतिष्ठेच्या जागाही पसरवाव्या लागतात, आणि विश्वचषकाचे पंच ही प्रतिष्ठेची जागा आहे. २०२२ च्या कतार विश्वचषकातले ३६ मुख्य पंच महासंघांनुसार मोजा: यूएफा (युरोप) ११, कॉन्मेबोल (दक्षिण अमेरिका) ७, आफ्रिका ६, आशिया ६, कॉन्काकॅफ (उत्तर व मध्य अमेरिका, कॅरिबियन) ५, ओशनिया १. दक्षिण अमेरिकेचे संघ चार आणि पंच सात. ओशनियाचा संघ एकही नाही, पण पंच एक.

यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. जगभरातून पंच घेतले नाहीत तर युरोपबाहेरच्या पंचांना मोठ्या सामन्याचा वेग कधी कळणारच नाही, आणि ‘युरोपचे पंच युरोपला जिंकवतात’ ही तक्रार कायमची राहील. त्याच स्पर्धेत स्तेफानी फ्रापार, सलिमा मुकानसांगा आणि योशिमी यामाशिता या तीन महिला मुख्य पंच पुरुषांच्या विश्वचषकासाठी पहिल्यांदाच निवडल्या गेल्या, आणि १ डिसेंबर २०२२ रोजी फ्रापार यांनी कोस्टा रिका विरुद्ध जर्मनी सामना खेळवला. दार उघडल्याशिवाय हे झाले नसते. पण जो पंच वर्षभर संथ लीगमध्ये खेळवतो त्याला उपांत्यपूर्व फेरीत उभे केले, तर तो धावण्यात कमी पडत नसला तरी खेळाडूंच्या वेगाआधी योग्य कोनात पोहोचण्यात कमी पडतो. माझे मत असे की साखळी सामन्यांपर्यंत प्रतिनिधित्व सांभाळावे आणि बाद फेरीपासून फक्त त्या स्पर्धेतली कामगिरी बघावी. बाद फेरीतही भौगोलिक वाटपाचा वास येऊ लागला, तर तुमची शंका रास्त आहे.

तटस्थतेचा अर्थ लोक फार साधा धरतात: पंच खेळणाऱ्या दोन्ही देशांचा नसावा. तेवढी काळजी फिफा नेहमीच घेते. खरी अडचण ड्रॉच्या पुढच्या घरात असते. १० डिसेंबर २०२२ रोजी मोरोक्कोने पोर्तुगालला हरवले, त्या सामन्याचा पंच अर्जेंटिनाचा फाकुंदो तेयो होता आणि अर्जेंटिना तेव्हा स्पर्धेत होता. सामन्यानंतर पोर्तुगालचे खेळाडू पेपे आणि ब्रुनो फर्नांडिस यांनी यावर जाहीर बोट ठेवले. ड्रॉच्या बाजू तपासून पाहा: मोरोक्को-पोर्तुगालच्या विजेत्याची अर्जेंटिनाशी गाठ पडली असती तर ती अंतिम फेरीतच. हितसंबंध दूरचा होता, सामन्यावर त्याचा परिणाम झाल्याचा पुरावा कोणीच दिला नाही. पण आक्षेप घेण्याची जागा समितीने स्वतः तयार केली होती. ज्याचा देश अजून स्पर्धेत आहे त्याला बाद फेरीचा सामना देऊ नये, एवढा एक नियम लिहून टाकला तर हा वाद संपतो. फिफाची अडचण अशी की तसे केले तर शेवटच्या आठवड्यात ज्या देशांचे संघ बलाढ्य त्यांचेच अनुभवी पंच बाद होतात.

या बाबतीतला जुना धडा १९६६ चा आहे. २३ जुलैला एकाच दिवशी झालेल्या उपांत्यपूर्व सामन्यांपैकी हे दोन पाहा. वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना, पंच पश्चिम जर्मनीचे रुडॉल्फ क्राइटलाइन. अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन बाहेर काढला गेला. शेफिल्डला पश्चिम जर्मनी विरुद्ध उरुग्वे, पंच इंग्लंडचे जिम फिनी. उरुग्वेचे दोघे बाहेर काढले गेले. इंग्लंड १-० ने, पश्चिम जर्मनी ४-० ने जिंकले. फिफाचे अध्यक्ष तेव्हा स्टॅन्ली रूस, म्हणजे इंग्रज. कट असल्याचे सिद्ध झालेले नाही. पण पंच अशा रीतीने आडवेतिडवे नेमले की कटाची गरजच उरत नाही. दक्षिण अमेरिकेत तो राग पिढ्यान्पिढ्या टिकला. नेमणूक करणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न ‘हा पंच प्रामाणिक आहे का’ इतकाच नसतो. ‘यातला सगळ्यात वाईट निर्णय झाला, तर हरणाऱ्याला मी ही नेमणूक समजावून सांगू शकेन का’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

आता चुकांकडे येतो, कारण बहुतेक ‘घोटाळे’ शेवटी इथेच येऊन थांबतात. २००२ चा दक्षिण कोरिया विरुद्ध स्पेन सामना घ्या. २२ जून, ग्वांगजू. स्पेनचे दोन गोल नाकारले गेले. त्यातला एक वाकीनचा चेंडू बाहेर गेल्याचे समजून सहायकाने झेंडा वर केला म्हणून, आणि रिप्लेमध्ये चेंडू आत दिसला. कोरिया पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकले. चार दिवस आधी त्याच कोरियाने इटलीला गोल्डन गोलवर (जादा वेळेतला, सामना तिथेच संपवणारा गोल) हरवले होते, इटलीच्या तोत्तीला जादा वेळेत दुसरे पिवळे कार्ड मिळाले होते. यजमान, सलग दोन सामने, दोन्ही निकाल एकाच बाजूला, संशय येणारच. पण स्पेनच्या सामन्याची त्रयी पाहा: मुख्य पंच इजिप्तचा, सहायक युगांडा आणि त्रिनिदादचे. तिघे तीन देशांचे, एकत्र कामाची सवय नाही. सहायकाची नजर चेंडूच्या रेषेवर कधी असते आणि ऑफसाइडच्या रेषेवर कधी, त्याच्या झेंड्यावर मुख्य पंचाने किती विसंबायचे, हे शेकडो सामने एकत्र खेळवून जमते. देशांचे वाटप सांभाळायला त्रयी मोडली आणि किंमत मैदानात मोजली. २००६ पासून फिफाने एकाच देशाच्या किंवा एकाच महासंघाच्या, सवयीच्या त्रयी नेमायला सुरुवात केली. राजकारणाने निकाल बिघडवला का, या प्रश्नाचे माझ्या मते इथे उत्तर ‘हो’ असे आहे, पण वाटेने गेले ते वेगळ्या: कोणी कोणाला जिंकवायला सांगितले नाही, समतोल साधण्यासाठी कामाची गुणवत्ता खाली आणली.

नकळत कल असतो हे आता नीट अभ्यासलेले आहे. स्पॅनिश लीगवरच्या एका अभ्यासात यजमान संघ एका गोलने मागे असताना पंच जास्त भरपाई वेळ देतात आणि पुढे असताना कमी, असे दिसले. चॅम्पियन्स लीगवरच्या दुसऱ्या अभ्यासात पंच आणि खेळाडू एकाच देशाचे असतील, तर त्या खेळाडूच्या बाजूने मिळणारे फाउल सुमारे १० टक्क्यांनी वाढलेले आढळले. यात लाच नाही, हेतूही नाही. प्रेक्षकांचा आवाज हा पंचाच्या मेंदूला धडकेच्या तीव्रतेचा इशारा वाटतो, आणि ओळखीच्या भाषेतली विनवणी जास्त खरी वाटते. म्हणूनच मी सामना तपासताना पेनल्टीवर कमी आणि मधल्या भागातल्या किरकोळ फाउलवर, पहिल्या पिवळ्या कार्डाच्या वेळेवर आणि भरपाई वेळेवर जास्त लक्ष देतो. तिथे कोणी रिप्ले मागत नाही.

पैशांच्या बाबतीत लोकांचा अंदाज जवळजवळ नेहमी उलटा असतो. फिक्सर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यापेक्षा असा सामना शोधतो जिथे कोणाचे लक्ष नाही आणि पंच नेमणारा तिसराच कोणी आहे. नायजरच्या इब्राहिम शैबू या पंचाला फिफाने जानेवारी २०१९ मध्ये आजन्म बंदी आणि २ लाख स्विस फ्रँक दंड केला, तो २०१० आणि २०११ मधल्या मैत्रीपूर्ण सामन्यांत लाच घेतल्याबद्दल. फेब्रुवारी २०११ मध्ये तुर्कस्तानातल्या अंताल्या इथे लॅटव्हिया-बोलिव्हिया आणि एस्टोनिया-बल्गेरिया असे दोन सामने झाले. पहिला २-१, दुसरा २-२, आणि सातही गोल पेनल्टीवर. त्या दोन सामन्यांच्या सहा पंचांना फिफाने त्याच वर्षी आजन्म बाद केले.

या सामन्यांतून शिकण्यासारखी गोष्ट अशी की विकल्या गेलेल्या पंचाला कोण जिंकते याच्याशी बहुधा देणेघेणे नसते. सट्टा एकूण किती गोल होतात यावर लावलेला असतो. म्हणून तो दोन्ही संघांना पेनल्टी देतो, पेनल्टी हुकली तर पुन्हा मारायला लावतो, निकाल लागून गेल्यावरही भरपाई वेळ लांबवतो. एकाच संघावर अन्याय झालेला दिसला म्हणून पैसे झाले असा निष्कर्ष काढाल तर फसाल; पैशाची खूण म्हणजे खेळाच्या गरजेशी न जुळणारा गोल. आणि तेही बाजारातल्या सट्ट्याच्या हालचालीशी ताडून पाहिल्याशिवाय सिद्ध होत नाही. घानाचा जोसेफ लॅम्प्टी अडकला तो असाच. नोव्हेंबर २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिका विरुद्ध सेनेगल या पात्रता सामन्यात चेंडू सेनेगलच्या कुलिबालीच्या गुडघ्याला लागला आणि लॅम्प्टीने हाताला लागल्याची पेनल्टी दिली. दक्षिण आफ्रिका २-१ ने जिंकली. नुसत्या चुकीवर त्याला कोणी आजन्म बंदी घातली नसती. सट्टा बाजारातली त्या वेळची अस्वाभाविक हालचाल जोडून पाहिली गेली आणि प्रकरण उभे राहिले. लोझानच्या क्रीडा लवादाने बंदी कायम ठेवली, सामना १० नोव्हेंबर २०१७ रोजी पुन्हा झाला, सेनेगल २-० ने जिंकून विश्वचषकाला पात्र ठरला.

घरबसल्या तपासायचे असेल तर पद्धत अशी ठेवा. क्लिप नको, पूर्ण सामना घ्या. पहिल्या वेळी आवाज बंद करून, सामान्य वेगात, न थांबवता बघा. समालोचक आणि स्लो-मोशन दोघेही प्रत्येक धडक असते त्यापेक्षा गंभीर दाखवतात. प्रत्येक शिट्टी आणि प्रत्येक न वाजलेली शिट्टी मिनिटासह लिहा. त्यानंतर नियमपुस्तक उघडून प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक शेरा द्या: नियमाने बरोबर, नियमाने चूक, किंवा पंचाच्या विवेकावर सोडलेले. तिसऱ्या रकान्यात किती गर्दी होते ते पाहून पहिल्यांदा तपासणारा माणूस दचकतो. हाताला चेंडू लागणे, अंगावर जाण्याची तीव्रता, गोलची स्पष्ट संधी, हे सगळे तिथेच जाते. मग फक्त याच रकान्यातले निर्णय दोन संघांत कसे वाटले गेले ते बघा, आणि पंच त्या क्षणी कुठे उभा होता तेही. वीस मीटरवरून, मध्ये कोणी नसताना चुकीचा निर्णय दिला तर तो गंभीर. चाळीस मीटरवरून, समोर दोन खेळाडू असताना दिला तर जागा घेण्यातली चूक. एका सामन्यात ८-४ अशी विभागणी निघाली तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही, बचावात कोंडलेला संघ जास्त फाउल करणारच. त्याच पंचाचे त्याच संघासोबतचे दहा-बारा सामने एकाच बाजूला झुकलेले निघाले तर प्रश्न विचारायला आधार मिळतो, आणि तो प्रश्न पंचापेक्षा त्याला तिथे वारंवार पाठवणाऱ्या समितीला विचारायचा.

व्हीएआरने यात काय बदलले? २०१८ साली ते नियमपुस्तकात आले तेव्हा हस्तक्षेपाचे चार प्रकार ठरले: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड. तेही ‘स्पष्ट आणि उघड चूक’ असेल किंवा गंभीर घटना पंचाच्या नजरेतून सुटली असेल तरच. ऑफसाइडचा वाद तर २०२२ पासून जवळजवळ यंत्राकडे गेला: छताखालचे १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा. गोलरेषेचा वाद त्याआधीच संपला होता. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या चांगला आत पडून गोल मिळाला नाही आणि २०१४ च्या विश्वचषकात गोलरेषा तंत्रज्ञान आले. मोजता येणाऱ्या गोष्टीतून माणूस बाजूला झाला की पक्षपाताची जागा आक्रसते, हे उघड आहे.

पण ती नाहीशी होत नाही, सरकते. ‘उघड चूक’ कशाला म्हणायचे हे खोलीत बसलेला व्हिडिओ पंच ठरवतो. पंचाला पडद्याकडे पाठवले की बहुतेकदा निर्णय फिरतो, त्यामुळे कोणाला पाठवायचे हाच खरा निर्णय झाला आहे. कोणते चित्र, कोणत्या कोनातून, किती वेगात दाखवले हेही तोच ठरवतो. तेव्हा नेमणुकांची यादी बघताना मुख्य पंचाच्या नावाखाली न थांबता व्हिडिओ पंच कोणत्या देशाचा, त्याचा देश स्पर्धेत आहे का, हेही बघा. वर्तमानपत्रात ते नाव क्वचितच छापून येते.

तक्रारीने निकाल बदलतो का? जवळजवळ कधीच नाही, आणि त्याचे कारण नियमातच आहे. पाचवा नियम सांगतो की खेळातल्या घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम, गोल झाला की नाही आणि निकाल काय हेही त्यात आले. व्हीएआर बिघडले, त्याने चूक केली किंवा बघायला हवे ते बघितलेच नाही, तरी सामना रद्द होत नाही असे नियमपुस्तकात लिहिलेले आहे. २०२२ च्या उपांत्य सामन्यानंतर मोरोक्कोच्या संघटनेने न दिलेल्या दोन पेनल्ट्यांबद्दल फिफाकडे निषेध नोंदवला. निकाल जिथे होता तिथेच राहिला. दोन फटी आहेत. एक, लाच किंवा फिक्सिंग सिद्ध झाले तर, जसे सेनेगलचे झाले. दुसरी, पंचाने घटना चुकीची पाहिली असे नसून नियमच चुकीचा लावला तर. ३ सप्टेंबर २००५ रोजी उझबेकिस्तान विरुद्ध बहरीन सामन्यात पेनल्टी मारताना उझबेक खेळाडू वेळेआधी आत शिरला आणि गोल झाला. नियमाने पेनल्टी पुन्हा मारायला हवी होती, पंचाने बहरीनला अप्रत्यक्ष फ्री किक दिली. उझबेकिस्तानने १-० ने जिंकूनही दाद मागितली, जास्त फरकाचा विजय मिळावा म्हणून. फिफाने सामनाच पुन्हा खेळवला. तो १-१ झाला, परतीचा ०-०, आणि बाहेरच्या मैदानावरच्या गोलमुळे बहरीन पुढे गेले. तक्रार लिहिण्याआधी तुमचा मुद्दा नियमाचा आहे की नजरेचा, हे वेगळे काढा. नजरेचा असेल तर कागद वाया जातो.

सामना संपल्यावर राजकारण हात घालते ते प्रकार मात्र खरोखर घडतात, आणि तिथे लढण्यात अर्थ आहे. ३१ मे २०१९ रोजी आफ्रिकन चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ट्युनिशियाचा एस्पेरान्स विरुद्ध मोरोक्कोचा विदाद खेळताना व्हीएआर चालू नव्हते. विदादचा गोल नाकारला गेला, त्यांनी पुढे खेळायला नकार दिला. काही दिवसांनी आफ्रिकन महासंघाच्या कार्यकारी समितीने सामना पुन्हा खेळवायचा ठराव केला. लवादाने ३१ जुलैला तो रद्द केला: कार्यकारी समितीला तो अधिकारच नव्हता, असा निर्णय शिस्तविषयक मंडळाने घ्यायचा असतो. पुढे त्या मंडळाने एस्पेरान्सचे विजेतेपद कायम केले. निवडून आलेल्यांनी निकालाला हात लावायचा नाही, ही रेषा तिथे लवादाने आखली. १९८२ च्या विश्वचषकात ती मैदानातच पुसली गेली होती. फ्रान्सने केलेला गोल कुवेतला मान्य नव्हता, प्रेक्षकांतली शिट्टी ऐकून आपले खेळाडू थांबले असे त्यांचे म्हणणे होते. कुवेतच्या संघटनेचे अध्यक्ष शेख फहद मैदानात उतरले आणि सोव्हिएत पंचाने दिलेला गोल मागे घेतला. फ्रान्स तरीही ४-१ ने जिंकले, पण पंचाची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथे संपली.

शेवटी तुम्ही विचारलेल्या ‘मग वजनदार माणसे करतात तरी काय’ या भागाकडे. ती ड्रॉ आणि वेळापत्रकाकडे बघतात. २००९ मध्ये पात्रता गट संपत आले असताना फिफाने प्ले-ऑफला मानांकन लावायचे जाहीर केले. त्यामुळे मोठे संघ एकमेकांसमोर आले नाहीत आणि फ्रान्सला आयर्लंड मिळाले. १८ नोव्हेंबरला फ्रान्सच्या आँरीच्या हाताला लागलेला चेंडू पंचाला दिसला नाही, सगळे जग पंचावर तुटून पडले, मानांकनाचे कोणी बोलेना. आयर्लंडच्या संघटनेला त्यानंतर फिफाकडून पैसे मिळाल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ते ५० लाख युरो होते. वेळापत्रकाचेही तसेच. १९७८ मध्ये अर्जेंटिनाला पेरूविरुद्ध किती गोल लागतात हे मैदानात उतरायच्या आधी माहीत होते आणि त्यांनी ६-० केले. १९८२ मध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना दोघांनाही चालणारा १-० माहीत होता आणि ते तिथेच थांबले. त्यानंतर गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी खेळवायचे ठरले, आणि कोणालाही शिक्षा न करता तो रस्ता बंद झाला.

नियमपुस्तक मात्र त्यांना एकट्याने वाकवता येत नाही. नियम बदलतो तो १८८६ मध्ये स्थापन झालेल्या आयएफएबी या नियम ठरवणाऱ्या मंडळात: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे प्रत्येकी एक मत, फिफाची चार, आणि बदलाला आठांपैकी सहा लागतात. फिफाला किमान दोन ब्रिटिश संघटना पटवाव्या लागतात आणि ब्रिटिशांना फिफाशिवाय काहीच करता येत नाही. पंचांच्या नेमणुकीला असे कुलूप नाही. नेमणारी समिती निवडून आलेल्या मंडळापासून वेगळी असावी, तिची मुदत अध्यक्षाच्या मुदतीशी जोडलेली नसावी, नेमणुकीचे निकष स्पर्धेआधी छापावेत, निरीक्षकाचे गुण आणि व्हीएआरच्या खोलीतले संभाषण सामन्यानंतर ठरावीक दिवसांत खुले करावे. २०२३ पासून फिफाच्या स्पर्धांत पंच व्हीएआरचा अंतिम निर्णय मैदानात माइकवरून सांगू लागले, ते पहिले पाऊल म्हणून चांगले आहे. पण निर्णय ऐकायला मिळतो, तो कसा झाला ते नाही. तुमच्या पेनल्टीबद्दल पत्र लिहायचेच असेल, तर निर्णय फिरवा असे न मागता त्या सामन्याची नेमणूक कोणत्या निकषावर झाली आणि त्या मिनिटाचे संभाषण काय होते, एवढे दोन प्रश्न लेखी विचारा, आणि ते चाहता म्हणून न विचारता तुमच्या देशाच्या संघटनेमार्फत विचारा; फिफा उत्तर देण्यास बांधील असली तर ती सदस्य संघटनेलाच.